गावच्या नळाचा अभ्यास आणि देणगीचा पैसा: आरोग्य संशोधनाचा निधी कसा चालतो, कुठे अडतो

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ किंवा हातकणंगले तालुक्यातलं नदीकाठचं कुठलंही गाव घ्या. पावसाळ्यात जुलाबाचे पेशंट वाढतात हे आशाताईंना माहीत असतं आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओपीडी रजिस्टरमध्ये दिसतंही. पण नळयोजनेच्या कुठल्या टोकाला क्लोरीन पोहोचत नाही, किती घरांना, कुठल्या महिन्यात, हे कुणी मोजलेलं नसतं. मोजायचं तर वैद्यकीय महाविद्यालयाचा कम्युनिटी मेडिसिन विभाग लागतो, गावात ओळखपाळख असलेली संस्था लागते, जिल्हा परिषदेचा आरोग्य विभाग लागतो. आणि या तिघांच्याही नेहमीच्या बजेटात न बसणारा खर्च उचलणारा चौथा कुणीतरी लागतो. तो चौथा म्हणजे धर्मादाय निधी: एखादा ट्रस्ट, फाउंडेशन, कंपनीचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा निधी) किंवा चक्क लोकवर्गणी.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, हे खरंच. पण अशा प्रकल्पांचं घोडं पैसा नसल्यामुळे जितक्या वेळा अडतं, त्याहून जास्त वेळा चुकीच्या कामाला चुकीचा पैसा घेतल्यामुळे अडतं. प्रत्येक रुपयाला त्याची अट चिकटलेली असते. ती अट अर्ज करण्याआधी वाचायची, मंजुरीचं पत्र आल्यावर नव्हे.

सरकार असताना देणगी कशाला, हा प्रश्न नेहमी येतो. सरकारी आरोग्य निधी मुख्यतः ठरलेली सेवा देण्यासाठी असतो. अजून सिद्ध न झालेली कल्पना तपासायला त्यात फारशी जागा नसते. देणगीचा पैसा तो धोका पत्करू शकतो. १९५२ साली पुण्यात विषाणू संशोधन केंद्र उभं राहिलं, ते आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि अमेरिकेतल्या रॉकफेलर फाउंडेशनने मिळून. आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था ती हीच. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेने ३९ गावांत घरीच नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत तपासली, निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले, आणि २०११ मध्ये आशांच्या घरभेटींच्या रूपाने ती पद्धत देशाच्या कार्यक्रमात आली. छापून येण्यापासून धोरण होईपर्यंत मध्ये बारा वर्षं गेली. एका वर्षाच्या निधीत 'गाव बदलून दाखवू' असं लिहिणाऱ्यांनी हा आकडा समोर ठेवावा.

कुठला पैसा कशाला चालतो

कोल्हापुरात सगळ्यात आधी नजर जाते ती कारखान्यांकडे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीची नक्त मत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून जास्त आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या एमआयडीसीतली बरीचशी नावं यात बसू शकतात. पण सहकारी साखर कारखाना आणि सहकारी दूध संघ यांना हे कलम लागू नाही, कारण त्या कंपन्याच नाहीत. त्यांच्याकडून मदत येते ती सहकार कायद्याच्या चौकटीत, संचालक मंडळाच्या किंवा सभेच्या ठरावाने. त्यामुळे सहकारी कारखान्याकडे 'आपल्या सीएसआरमधून' असा अर्ज घेऊन गेलं की पहिल्याच ओळीत कळतं, अर्जदाराला काही माहिती नाही.

सीएसआरमध्ये एक बारीक मेख आहे. कायद्याच्या सातव्या अनुसूचीत प्रतिबंधक आरोग्य, स्वच्छता आणि सुरक्षित पिण्याचं पाणी ही कामं आहेत. तिथे नोंदणीकृत संस्था चालते. संशोधनाची नोंद मात्र वेगळी आहे आणि ती सार्वजनिक निधीवर चालणारी विद्यापीठं, आयसीएमआरसारख्या संस्था अशा ठरावीक यादीपुरती आहे. म्हणजे शिवाजी विद्यापीठाला जे 'संशोधन' म्हणून मिळू शकतं, ते गावातल्या संस्थेला त्याच नावाखाली मिळेल असं नाही. संस्थेने प्रकल्प पाण्याच्या सुरक्षिततेचा म्हणून मांडावा आणि मोजमाप हा त्या कामाचाच भाग आहे हे उघडपणे लिहावं. संशोधन लपवून ठेवलं तर पुढे नैतिक समितीचा (माणसांवरच्या संशोधनाला मंजुरी देणाऱ्या समितीचा) कागद पाहून कंपनीचा ऑडिटर भुवया उंचावतो.

दुसरा गैरसमज ५ टक्क्यांचा. सीएसआर नियमांतली प्रशासकीय खर्चाची ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चावर आहे. प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख, मूल्यमापन यांचा थेट खर्च तिच्यात धरत नाहीत. तरीही बऱ्याच कंपन्या ती संस्थेच्या गळ्यात मारतात. नियमातली व्याख्या प्रस्तावाला जोडली की निम्म्या वेळा वाद तिथेच मिटतो.

टाटा ट्रस्ट्स किंवा अझीम प्रेमजी फाउंडेशनसारख्या देशी संस्था, आणि संशोधकांसाठी केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग व वेलकम ट्रस्ट यांनी २००८ मध्ये मिळून सुरू केलेली 'इंडिया अलायन्स', यांच्या प्राधान्याच्या यादी आणि मुदती आपापल्या असतात. त्या त्यांच्या जाहिरातीतच वाचाव्यात. इथे परदेशी निधीबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण एकत्रित प्रकल्प सगळ्यात जास्त तोंडघशी पडतात ते इथे.

परदेशी पैसा घ्यायला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी नियमन कायद्याखाली, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. नोंदणीसाठी साधारणपणे संस्था तीन वर्षं जुनी आणि त्या काळात मूळ उद्देशांवर किमान १५ लाख रुपये खर्च केलेली हवी. पैसा येतो तो फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात. प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत. आणि २०२० च्या दुरुस्तीपासून तो पैसा दुसऱ्या कुठल्याही संस्थेला पुढे देता येत नाही, तिच्याकडे स्वतःची एफसीआरए नोंदणी असली तरी. म्हणजे पुण्या-मुंबईतल्या मोठ्या संस्थेने परदेशी ग्रँट मिळवायची आणि कोल्हापुरातल्या चार छोट्या संस्थांना वाटून द्यायची, हा जुना साचा बंद झाला आहे. मार्ग उरतात दोन: मोठ्या संस्थेने क्षेत्रातले कार्यकर्ते स्वतःच नेमून त्यांना थेट पगार द्यायचा, किंवा देणाऱ्याने प्रत्येक पात्र संस्थेशी वेगळा करार करायचा. 'बिल दाखवून देऊ' हा तिसरा मार्ग कुणी सुचवला तर सीएंना विचारल्याशिवाय मान डोलवू नका. शिवाय परदेशी निधी किंवा परदेशी भागीदार असलेल्या आरोग्य संशोधनाला आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते. तिचं कामकाज आयसीएमआरमार्फत चालतं. वेळापत्रकात तिचे महिने वेगळे धरा.

देशी पैसा एका ट्रस्टकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो, पण तिथेही आयकराचा काटा आहे. करसवलत घेणाऱ्या ट्रस्टने वर्षाच्या उत्पन्नाचा ८५ टक्के भाग उद्देशांवर खर्च करायचा असतो. दुसऱ्या नोंदणीकृत ट्रस्टला दिलेले १०० रुपये या हिशेबात ८५ च धरले जातात. प्रमुख संस्थेने सगळाच निधी भागीदारांना वाटला तर वर्षअखेरीस तिचाच हिशेब कमी पडतो.

वर्गणीचं थोडक्यात: नोंदणी नसलेल्या मंडळाने धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करायचे तर धर्मादाय कार्यालयाची तात्पुरती परवानगी लागते, गणेशोत्सवाला घेतात तीच. आणि देणगीवर ऐंशी-जीची, म्हणजे आयकरातली, सवलत हवी असलेल्याने २,००० रुपयांच्या वर रोख देऊ नये. त्यावर वजावट मिळत नाही.

संस्थेची फाइल

महाराष्ट्रात सोसायटी कायद्याखाली नोंदलेली संस्था सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदवली जाते. निधी देणारा पहिल्यांदा मागतो तो न्यासाच्या नोंदवहीचा, म्हणजे शेड्यूल वनचा, उतारा. इथेच बहुतेक जुन्या संस्थांची पंचाईत होते. उताऱ्यावर असलेले निम्मे विश्वस्त हयात नसतात, आणि सध्याच्या कार्यकारिणीची नावं चढलेली नसतात. बदल झाल्यापासून ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. तो पाच-सात वर्षं राहिला असेल तर विलंब माफीसह आज दाखल करा. तो मंजूर व्हायला लागणारा वेळ कुठल्याही ग्रँटच्या मुदतीपेक्षा जास्त असू शकतो.

दुसरं, घटनेतले उद्देश वाचा. 'आरोग्य शिबिरे भरवणे' असेल आणि 'संशोधन, सर्वेक्षण, प्रशिक्षण' कुठेच नसेल, तर संशोधनाचा पैसा उद्देशाबाहेरचा ठरू शकतो. बाकी बारा-ए (संस्थेच्या करसवलतीचं) आणि ऐंशी-जी प्रमाणपत्रं, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलचा क्रमांक, सीएसआर घ्यायचा तर सीएसआर-१ नोंदणी, आणि तीन वर्षांचे ऑडिट. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू आहे आणि कलमांचे आकडे बदलले आहेत. बोलताना जुनीच नावं चालतील, फॉर्म भरताना नवा क्रमांक सीएंकडून घ्या.

एक बजेट उलगडून

आपला नळाचाच अभ्यास धरू. प्रश्न एकच: घरच्या नळाला पुरेसं क्लोरीन नाही अशी घरं किती? भारतीय मानकाप्रमाणे नळाच्या पाण्यात किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर मुक्त क्लोरीन उरलेलं हवं. अंदाजे ३० टक्के घरांत ते नसेल असं धरलं, आणि उत्तर ५ टक्के इकडेतिकडे चालेल असं ठरवलं, तर साध्या सूत्राने ३२३ घरं येतात. पण एकाच गावातली घरं एकाच टाकीचं पाणी पितात, म्हणून एकमेकांसारखी असतात. त्यासाठी संख्या दुप्पट, ६४६. दहा टक्के घरं बंद किंवा नकार देणारी धरली की ७१८. सोयीसाठी २० गावं, प्रत्येकी ३६ घरं, एकूण ७२०. 'शंभर घरं करू, भागेल' म्हणणाऱ्या प्रस्तावाला परीक्षक हसतात ते या हिशेबामुळे.

एक कार्यकर्ती दिवसाला प्रश्नावली आणि पाण्याची तपासणी मिळून आठ घरं नीट करू शकते. ७२० घरांना ९० कार्यदिवस. उन्हाळा, पावसाळा, दिवाळीनंतर अशा तीन फेऱ्या म्हणजे २७० दिवस. तीन कार्यकर्त्या, महिना १८,००० रुपये, दहा महिने: ५,४०,०००. एक समन्वयक, महिना ३०,०००, बारा महिने: ३,६०,०००. प्रत्येक गावातून दर फेरीला सहा नमुने प्रयोगशाळेत, असे ३६० नमुने. एकाला ५०० रुपये धरले तर १,८०,०००. प्रवास ९०,०००. उरलं ते म्हणजे किट आणि बाटल्या, प्रशिक्षण, गावसभा, छपाई, नैतिक समितीची फी, संख्याशास्त्रज्ञ, ऑडिट आणि गावनिहाय अहवाल: २,६५,०००. बेरीज १४,३५,०००, त्यावर संस्थेचा सामान्य खर्च १० टक्के धरून १५,७८,५००. दर इथे उदाहरणापुरते आहेत, तुमचे तुम्ही घाला; प्रमाण मात्र साधारण असंच राहतं.

यात पगार जवळजवळ ६३ टक्के आहे. देणाऱ्याला हे खुपतं. त्याला यंत्र, फिल्टर, फीत कापता येईल असं काहीतरी हवं असतं. पण मोजमाप माणसंच करतात, आणि पगार कापून यंत्र घेतलं की तिसऱ्या फेरीला यंत्र असतं, कार्यकर्ती नसते. इथे संस्थेने ताठ राहावं.

माणसांवर एवढा खर्च का, ते बाटलीत दिसतं. जंतूंसाठी नमुना घ्यायच्या निर्जंतुक बाटलीत सोडियम थायोसल्फेट आधीच घातलेलं असतं. पाण्यातलं क्लोरीन ते निष्प्रभ करतं. नाहीतर प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत क्लोरीन वाटेतच जंतू मारतं आणि घाण पाणी कागदावर शुद्ध ठरतं. नवखी व्यक्ती चांगुलपणाने बाटली नळाखाली विसळून घेते. थायोसल्फेट वाहून जातं, नमुना वाया जातो, आणि तो वाया गेलाय हे कुणाला कळतही नाही. बर्फाच्या डब्यात ठेवून तो शक्यतो त्याच दिवशी पोहोचायला हवा. क्लोरीनच्या ओटी (ऑर्थोटोलिडिन) चाचणीत पिवळा रंग लगेच वाचायचा. चहा घेऊन आल्यावर वाचला तर संयुक्त, म्हणजे दुसऱ्या पदार्थाशी जोडलं गेलेलं, क्लोरीनही रंग देतं आणि आकडा फुगतो. तीन दिवसांचं प्रशिक्षण बजेटात का आहे, याचं उत्तर हे. टीसीएल पावडरचंही (ब्लीचिंग पावडर) तसंच: जलसुरक्षक रोज मोजून टाकतो, पण पोतं उघडं राहिलं तर पावडरीतलं क्लोरीन उडून जातं. रजिस्टर बरोबर, नळाला क्लोरीन नाही. अभ्यासात पोत्याची तारीख आणि साठवणीची जागा हे दोन रकाने नसतील तर कारण हाती लागणार नाही.

परवानग्यांचा फेरा

नैतिक समिती जिल्हा परिषदेचं पत्र मागते, जिल्हा परिषद नैतिक समितीची मंजुरी मागते, देणारा दोन्ही मागतो. हा फेरा तोडायची सोपी रीत म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडून आधी 'तत्त्वतः संमती'चं पत्र घ्यायचं, त्यात 'नैतिक मंजुरीच्या अधीन राहून' हे शब्द घालायचे, आणि ते समितीला जोडायचं. ग्रामपंचायतीचा ठराव वेगळा हवा. सरपंचांचा तोंडी होकार पुढच्या निवडणुकीत टिकत नाही.

समिती नोंदणीकृत हवी. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे तिचे अध्यक्ष संस्थेबाहेरचे असतात. संस्थेकडे स्वतःची समिती नसेल तर भागीदार वैद्यकीय महाविद्यालयाची चालते, हा एकत्र येण्याचा मोठा फायदा. पाण्याच्या नमुन्याला संमतिपत्र कशाला, असं वाटतं. पण आपण घरातल्या आजारपणाची चौकशीही करतो, म्हणून लागतं. ते गावातल्या बाईला एकदा वाचून कळेल अशा मराठीत, एक प्रत तिच्याकडे. वाचता येत नसेल तर तटस्थ साक्षीदार. मुलांना प्रश्न विचारणार असाल तर पालकांची संमती आणि सात वर्षांवरच्या मुलाचा स्वतःचा होकार. गावांचे दोन गट करून एकात नवा उपाय करणार असाल, तर पहिलं घर नोंदवण्याआधी सीटीआरआय या वैद्यकीय चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदणी करा. नंतर केलेली नोंदणी बरीच नियतकालिकं मानत नाहीत.

आशाताईंना गृहीत धरणं ही सगळीकडची खोड. आशा पगारी नोकर नाहीत, त्यांना कामागणिक मोबदला मिळतो. 'आशांमार्फत सर्वेक्षण' हे दोन शब्द प्रस्तावात लिहिताना त्यांचा मोबदला आणि आरोग्य विभागाची लेखी परवानगी दोन्ही धरा. नाहीतर रजिस्टरं घरी बसून भरली जातात आणि दोष त्यांच्यावर येतो.

करारात काय हवं

सामंजस्य करार बहुतेक वेळा दोन पानांचा, गोड शब्दांचा असतो. 'परस्पर सहकार्याने' हा शब्द चार वेळा आणि आकडा एकही नाही. त्यात हवं ते हे: पैसा कुणाच्या खात्यात येणार, सही कुणाची, नेमणुका कोण करणार, माहिती कुठे साठवणार, लेखात नावं कुठल्या निकषावर, आणि कुणी मध्येच सोडलं तर काय. महाविद्यालय सरकारी असेल तर बाहेरचा निधी कुठल्या खात्यात घेता येतो आणि खरेदीला किती वेळ लागतो हे अधिष्ठाता कार्यालयात आधी विचारा. पावसाळ्यात लागणारं रसायन दिवाळीला मिळून उपयोग नाही. अशी खरेदी संस्थेकडे ठेवलेली बरी. घरमालकाचं नाव, मोबाइल नंबर आणि घराचं स्थान एका फाइलीत, निकाल दुसरीत, मध्ये फक्त सांकेतिक क्रमांक. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर ही नुसती चांगली सवय उरलेली नाही.

ज्या कंपनीचं सांडपाणी त्याच नदीत जातं तिचा पैसा घ्यावा का? सरसकट नकार देण्याची गरज नाही, पण निष्कर्ष छापण्याआधी देणाऱ्याची परवानगी लागेल असं कलम असेल तर तो पैसा परत केलेला बरा. 'छापण्याआधी ३० दिवस वाचायला देऊ' इथपर्यंत ठीक.

हप्ते, मार्च आणि महापूर

निधी बहुधा ४०-४०-२० टक्क्यांच्या हप्त्यांत येतो. दुसऱ्या हप्त्यासाठी सीएंच्या सहीचं उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याचं) आणि प्रगती अहवाल जातो. देणाऱ्याकडे सहा-आठ आठवडे गेले तर दोन महिन्यांचे पगार, आपल्या हिशेबात १,६८,००० रुपये, संस्थेच्या हाती हवेत. ते नसले की शिकलेल्या कार्यकर्त्या दुसरीकडे जातात आणि प्रशिक्षण पुन्हा पहिल्यापासून.

सीएसआरचा पैसा फेब्रुवारीत येतो आणि ३१ मार्चच्या आत खर्च दाखवा म्हणतात. अशा वेळी कंपनीला सुरुवातीलाच प्रकल्प 'चालू प्रकल्प' म्हणून मंजूर करायला सांगा. मग सुरुवातीचं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं मुदत मिळते आणि न खर्चलेली रक्कम कंपनी ३० दिवसांत वेगळ्या खात्यात ठेवते. मार्चमध्ये घाईने घेतलेले टॅब वर्षभर कपाटात पडतात, हे टळतं.

पावसाळी फेरीचा नियम आधीच लिहून ठेवा. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. ३९ ला नदीकाठच्या गावांतलं काम थांबवायचं, पाणी उतरल्यावर किती दिवसांनी परत जायचं ते ठरवायचं, आणि २०१९ किंवा २०२१ सारखा पूर आला तर त्या फेरीची घरं वेगळी मोजायची. पुरानंतर टँकरचं पाणी पिणाऱ्या घराचा आकडा नेहमीच्या नळाच्या आकड्यात मिसळला की पूर्ण वर्षाचा निष्कर्ष बिघडतो. ऊसतोड मजुरांच्या टोळ्या गावाबाहेर फडाजवळ राहतात, ग्रामपंचायतीच्या घरयादीत त्या नसतात. तिसऱ्या फेरीत त्यांना धरायचं असेल तर मुकादमाकडून कोप्यांची यादी वेगळी काढावी लागते, आणि त्याचा खर्चही वेगळा.

निकाल आधी गावाला

नमुन्यात ई. कोलाय (पाण्यात विष्ठा मिसळल्याची खूण असलेला जंतू) सापडला तर काय करायचं हे अभ्यास सुरू होण्याआधी ठरवा. मानकाप्रमाणे १०० मिलिलिटर पाण्यात तो अजिबात नसायला हवा. निकाल आल्या दिवशी ग्रामसेवक, जलसुरक्षक आणि आरोग्य केंद्राला फोन, दुसऱ्या दिवशी लेखी पत्र. लेख छापून येईपर्यंत थांबणं कुठल्याही नैतिक समितीला पटणार नाही. गळकी पाइप, उघडा व्हॉल्व्ह अशा छोट्या दुरुस्तीसाठी बजेटात एक राखीव रक्कम ठेवता आली तर उत्तम, पण ती कोण वापरणार आणि कुठल्या कारणासाठी, हे ग्रामपंचायतीच्या ठरावात यायला हवं. दुरुस्ती झालेली गावं विश्लेषणात तारखेसह वेगळी दाखवा.

शेवटचा हप्ता मिळवायला अंतिम उपयोगिता प्रमाणपत्र, खात्यावरच्या व्याजाचा हिशेब, उरलेल्या वस्तूंची यादी आणि त्या कुणाकडे राहणार याचं पत्र लागतं. क्लोरीन तपासणीचे किट ग्रामपंचायतीकडे ठेवायचे असतील तर त्यातलं रसायन संपल्यावर नवं कुठल्या निधीतून घ्यायचं तेही त्याच पत्रात लिहा.